मुलाच्या हाती किल्ली, पालकांच्या माथी भार

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आपली मोटार आशीर्वादासाठी चर्चच्या आवारात घेऊन आले. मोटार जुनीच होती. नवे होते ते मुलाचे लायसन्स. मुलाला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली होती. आम्ही प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले आणि सहज विचारले, “विम्याचे काय?” “विमा आहे की, फादर. आणि आता पोराकडे लायसन्सही आहे. त्याचे तो बघेल!” असे ते हसत म्हणाले. हा समज अनेक घरांत आहे आणि तो चुकीचा आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

पुण्यात 19 मे 2024 रोजी कल्याणीनगर येथे एका सतरा वर्षीय मुलाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला आणि अल्पवयीन मुलांच्या वाहन चालवण्याविषयी राज्यभर चर्चा झाली. त्या चर्चेमुळे अठराखालील मुलांविषयीचा कायदा पुष्कळांना ठाऊक झाला. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या कलम 199-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्याला हे ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकालाच सिद्ध करावे लागते. “त्याने न विचारता किल्ली नेली” एवढे सांगून भागत नाही. अशाच एका प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आपले वाहन अल्पवयीन मुलाच्या हाती पडू नये हे पाहणे मालकाचेच काम आहे. दहावीच्या निकालाचे बक्षीस म्हणून गिअरची मोटारसायकल घेऊन देणाऱ्या पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

परंतु आमचा आजचा विषय त्यापुढचा आहे. मुलगा वा मुलगी अठरा वर्षांची झाली, परीक्षा देऊन लायसन्स मिळाले. आता अपघात झाल्यास कोण जबाबदार? फौजदारी गुन्ह्यास मुलगा स्वतः जबाबदार, आईवडील नव्हेत. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि ती त्यालाच भोगावी लागते. नुकसानभरपाईचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ती चालकाबरोबरच वाहनाच्या मालकाकडूनही मागितली जाते आणि मालक म्हणजे आर.सी.वर ज्याचे नाव आहे तो. येथे वडील हे वडील म्हणून नव्हे, तर मालक म्हणून न्यायाधिकरणापुढे उभे राहतात. वाहन आईच्या नावावर असेल तर आई. परदेशी नोकरीवर असलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर नोटीस त्यांच्याच नावाने निघते, मग ते दुबईत असोत वा बोटीवर.

भरपाईची रक्कम किती असते, याची कल्पना सहसा कोणालाच नसते. सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 च्या निवाड्यांत तिचे गणित घालून दिले आहे. समजा, तीस वर्षांचा, महिना वीस हजार रुपये मिळवणारा रिक्षाचालक अपघातात मरण पावला. मागे पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. भावी उत्पन्नवाढीपोटी चाळीस टक्के मिळवले की महिन्याचे अठ्ठावीस हजार होतात. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की एकवीस हजार. वर्षाचे झाले दोन लाख बावन्न हजार, आणि त्या वयासाठी ठरलेल्या सतरा या आकड्याने गुणले की बेचाळीस लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये. अंत्यविधी वगैरेची रक्कम निराळी, व्याज निराळे. त्या विधवेच्या दृष्टीने हा आकडा मोठा नाही. तिला त्यावर दोन मुले वाढवायची आहेत.

ही रक्कम विमा कंपनीने भरावी, म्हणूनच कायद्याने ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा केला आहे. आपल्याकडे विमा वाहनाचा असतो, त्यामुळे वैध लायसन्स असलेला कोणीही चालवत असला तरी तो लागू पडतो. 2004 च्या एका निवाड्यानुसार लर्निंग लायसन्सही लायसन्सच होय. अर्थात शेजारी लायसन्सधारक बसलेला असणे, ‘एल’ची पाटी लावणे या अटी पाळल्याच पाहिजेत. लायसन्स नसताना किंवा दुसऱ्याच प्रकारच्या वाहनाचे असताना गाडी चालवली, तर न्यायालयांनी वेळोवेळी असा आदेश दिला आहे की, विमा कंपनीने पीडितांना पैसे द्यावेत आणि नंतर ते मालकाकडून वसूल करावेत. ही वसुली जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होऊ शकते. याचा अर्थ वाडवडिलांच्या वाडीवर टाच येऊ शकते. स्कूटरचे लायसन्स असलेल्या मुलीला “जरा बाजारातून जाऊन ये” म्हणून मोटारीची किल्ली देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

अमेरिका-कॅनडात असलेले आपले नातलग सांगतात की, घरातील मूल गाडी चालवू लागले की विम्याचा हप्ता एकदम वाढतो. कंपनी घरात कोण कोण गाडी चालवते ते विचारते. आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो, चालकाच्या वयावर नाही. खिशाला ते बरे वाटते. पण त्यामुळे, मूल गाडी चालवू लागले तरी पॉलिसीचा कागद उघडून पाहण्याची वेळ आपल्यावर येतच नाही.

कागद उघडला की दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, गाडीतील सोबत्यांची. नव्या चालकाच्या गाडीत मित्रमंडळी भरलेली असते. लग्नसराईत आणि नाताळात तर विचारूच नये. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने फरक स्पष्ट केला की, सर्वसमावेशक म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर खासगी मोटारीतील प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येते. केवळ कायद्यापुरती पॉलिसी असेल तर येत नाही. दुचाकीवर मागे बसणाऱ्याचीही तीच गत. म्हणजे जुनी गाडी म्हणून हप्ता वाचवला असेल, तर मुलाच्या मित्राच्या आईवडिलांना भरपाई देण्याची पाळी आपल्यावर येऊ शकते. ते आईवडील बहुधा आपल्याच धर्मग्रामातले असतात.

दुसरी गोष्ट खुद्द मुलाची, आणि ती आम्हाला अधिक अस्वस्थ करते. पॉलिसीत जो पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो ‘मालक-चालका’चा असतो. वडिलांच्या नावावरील गाडी मुलगा चालवत असेल, तर मुलगा चालक आहे, मालक नाही. त्याला हे संरक्षण नाही. त्याच्या स्वतःच्या चुकीने अपघात झाला तर तो ‘थर्ड पार्टी’ही ठरत नाही, कारण मालकाकडून वाहन घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असे न्यायालयाने 2009 साली आणि पुन्हा 2020 साली म्हटले आहे. तेव्हा थोडा जादा हप्ता भरून त्याचे नाव पॉलिसीत घालून घ्यावे, किंवा त्याच्यासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. एजंट आपणहून हे क्वचितच सांगतात.

जुनी स्कूटर मुलासाठी विकत घेतली असल्यास आर.सी. आणि विमा दोन्ही आपल्या नावावर करून घ्यावीत, विकली असल्यास आपले नाव निघाल्याची खात्री करावी. नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली पुन्हा सांगितले आहे. आणि दुर्दैवाने अपघात झालाच तर मुलाने पळून घरी येऊ नये, हे त्याला आधीच बजावून ठेवावे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. घाबरलेले मूल प्रथम घरी फोन करते. त्या वेळी वडील काय म्हणतात, यावर रस्त्यावर पडलेल्या माणसाचे प्राण अवलंबून असू शकतात.

आरंभी उल्लेखिलेले गृहस्थ त्या दिवशी पॉलिसी घेऊन पुन्हा आमच्याकडे आले. ती केवळ थर्ड पार्टीची निघाली. दुसऱ्या दिवशी ते विमा कार्यालयात गेले. पॅकेज पॉलिसीसाठी आधी मोटारीची तपासणी करावी लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. तपासणी होऊन कागद हाती येईपर्यंत किल्ली त्यांच्या पत्नीच्या कपाटात होती आणि पुढच्या रविवारी मुलगा सायकलवरून मिस्साला आला.