रोहिणीविस्फाराची कारणमीमांसा

रोहिणीचा एखादा भाग मूळ व्यासाच्या दीडपट वा त्याहून अधिक, आणि तोही कायमचा, फुगला म्हणजे त्यास रोहिणीविस्फार म्हणतात. उदरातील महारोहिणीचा व्यास सामान्यतः २ सेंटिमीटरांच्या आसपास असतो. तो ३ सेंटिमीटरांवर गेला की विकार समजावा, असा संकेत आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत वैद्यकीय ग्रंथांत याचे प्रमुख कारण म्हणून उपदंशाचा निर्देश असे, व छातीतील महारोहिणीपुरता तो यथार्थही होता. पेनिसिलिनच्या प्रसारानंतर ते कारण मागे पडले आणि त्याची जागा रोहिणीकाठिण्याने घेतली. परंतु हे उत्तर वाटते तितके समाधानकारक नाही. एकाच काठिण्याने हृदयाची रोहिणी अरुंद व्हावी आणि उदरातील महारोहिणी मात्र रुंदावावी, याची संगती कशी लावावयाची? शिवाय मधुमेहाने काठिण्य बळावते. असे असूनही मधुमेही रुग्णांत उदरातील विस्फार इतरांहून कमीच आढळतो.

तेव्हा मूळ दोष भित्तीच्या मधल्या थरातच शोधला पाहिजे. या थराची लवचिकता इलॅस्टिन तंतूंवर व बळकटी कोलॅजेनवर अवलंबून असते. भित्तीत दाह सुरू झाला की तेथील पेशींतून स्रवणारी एंझाइमे हे तंतू विरघळवितात. इलॅस्टिन बहुतांशी बालपणीच तयार होत असल्याने झालेली हानी सहसा भरून निघत नाही. वृक्करोहिण्यांच्या खाली महारोहिणीत लवचिक स्तर मुळातच कमी असतात. विस्फार बहुधा तेथेच का होतो, याचा उलगडा यावरून बराचसा होतो. या ऱ्हासास धूम्रपानाइतके साहाय्य करणारी दुसरी बाह्य गोष्ट नाही.

पुढचे कार्य भौतिकीचे. लाप्लासच्या नियमानुसार भित्तीवरील ताण रक्तदाब व त्रिज्या यांच्या सम प्रमाणात, तर जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. नळी रुंदावली की ताण वाढतो, आणि ताण वाढला की ती अधिकच रुंदावते. आइन्स्टाइन यांच्या उदरातील विस्फाराभोवती १९४८ मध्ये शल्यविशारद रुडोल्फ निसेन यांनी सेलोफेन गुंडाळले, ते तंतुमय ऊतक वाढून भित्तीस आधार मिळावा म्हणून. तरीही १९५५ च्या एप्रिलमध्ये विस्फार फुटून त्यांचा अंत झाला. (ते पाइप ओढीत, हे सर्वश्रुतच आहे.)

तरुण वयातील विस्फाराची वाट निराळी. मार्फान विकारात फायब्रिलिन या प्रथिनाच्या जनुकातच दोष असतो. त्याचा शोध १९९१ मध्ये लागला. जंतुसंसर्गजन्य विस्फारास ऑस्लर यांनी १८८५ मध्ये दिलेले ‘कवकजन्य’ हे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. त्यामागे बहुधा जीवाणूच असतात, कवके क्वचितच.