बावची, ऊन आणि कोड

अंगावर पांढरा डाग दिसला की आपल्याकडे पहिली काळजी पडते ती औषधाची नव्हे, लग्नाची. त्यातून ‘श्वेतकुष्ठ’ हे जुने नाव! कोडाला कुष्ठाचा भाऊबंद ठरवून आपण मोकळे झालो. वस्तुतः दोहोंचा काही संबंध नाही. कुष्ठाच्या चट्ट्यावर स्पर्श बहुधा कळेनासा होतो. कोडाच्या डागावर तो नीट कळतो. कोड कोणाला लागतही नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्या जागी नाहीशा होतात, एवढेच.

बावचीचे बी लावून उन्हात बसावे, हा उपाय आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक आहे. यात खुबी अशी की बावची आणि ऊन यांची गाठ पडावी लागते. १९३३ साली भारतीय रसायनज्ञांनी या बियांतून सोरालेन हे द्रव्य वेगळे केले. ते त्वचेत असताना सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडले की केसांच्या मुळाशी दडलेल्या रंगपेशी जाग्या होऊन वर सरकतात. म्हणूनच डागात प्रथम केसांभोवती काळसर ठिपके उमटतात, आणि बोटांची टोके, ओठ अशा बिनकेसांच्या जागा फारशी दाद देत नाहीत.

पण हेच द्रव्य बेताबाहेर गेले तर भाजते. ऐकीव माहितीवर बावचीचे तेल चोपडून दुपारी उन्हात बसणारे अंगभर फोड घेऊन दवाखान्यात येतात. सोरालेनची गोळी घेतल्यावर त्या दिवशी डोळ्यांना काळा चष्मा हवाच. वर्षानुवर्षे हा उपचार केल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. तेव्हा मात्रा आणि मिनिटे डॉक्टरांनीच ठरवावीत.

आता ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण देणारे दिवे आले आहेत. त्यांना गोळी लागत नाही. मुलांना व गरोदर स्त्रियांनाही हा उपचार देता येतो. मात्र आठवड्यातून दोन-तीन वेळा, तोही महिनोन्‌महिने. वांगणीसारख्या ठिकाणच्या रोजंदारीच्या माणसाला त्यासाठी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जायचे म्हणजे दर खेपेस कर्जत लोकल आणि बुडालेला दिवस. उपचार बहुधा येथेच सुटतो. अशांना डॉक्टर पुष्कळदा सोरालेन आणि अंगणातले ऊन सुचवतात. ते फुकट आहे खरे. पण जूनमध्ये ढग आले की आमच्या भागात चार महिने त्याचा भरवसा नसतो.