ओळखीचं कोण आहे?

लेखमाला : शिक्षा संपल्यावर — लेखांक ६

मागच्या लेखांकात संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, यांतला फरक आपण पाहिला. या रजांसाठी बाहेरचं कुणीतरी जामीन राहावं लागतं, हेही पाहिलं. गंमत अशी, की शिक्षा पुरती भोगून कायमचा सुटणाऱ्याला जामीनदार लागत नाही. सरकारचा त्याच्याशी हिशेब मिटलेला असतो. पण खरा जामीनदार त्याला त्याच दिवसापासून लागतो.

खोली बघायला गेला की मालक डिपॉझिटच्या आधी विचारतो, ओळखीचं कोण आहे? हॉटेलात कपबशा विसळायचं काम मागितलं तरी गल्ल्यावरून तोच प्रश्न येतो. आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी कुठे जाणार? बँकेतलं खातं झोपलेलं, रेशनकार्डावरून भावाने नाव काढलेलं. सात-आठ वर्षं कुठे होतात, याला द्यायला उत्तर नसतं. ज्यांच्याकडे हे प्रश्न विचारले जात नाहीत असे लोक म्हणजे जुने साथीदार. ते कागद मागत नाहीत आणि रात्रीच्या जेवणाचीही सोय करतात.

सुटलेल्या माणसाला मार्गदर्शक हवा असं म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे चार हिताच्या गोष्टी सांगणारा कुणी सज्जन येतो. उपदेश ऐकून या माणसाचे कान आतच किटलेले असतात. त्याला हवी असते उसनी पत. ‘हा माझ्या ओळखीचा आहे’ एवढं वाक्य घरमालकापुढे, मुकादमापुढे, पोलीस ठाण्यात म्हणणारा माणूस हवा असतो.

या कामाचा मूळपुरुष म्हणून जॉन ऑगस्टसचं नाव घेतात. तो ना समाजशास्त्रज्ञ, ना वकील. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये बूट शिवण्याचा त्याचा धंदा. १८४१ च्या ऑगस्टमध्ये तो पोलीस कोर्टात बसला होता. फाटक्या कपड्यांतल्या एका दारुड्याला उभं केलं गेलं. रवानगी कोठडीत होणार हे ठरलेलंच. ऑगस्टस त्याच्याशी दोन शब्द बोलला आणि त्याला जामीन राहिला. दारू सोडण्याच्या शपथेवर सही करून घेतली. तीन आठवड्यांनी तो परत कोर्टात आला तेव्हा त्याला ओळखणं अवघड झालं होतं. न्यायाधीशाने दंड केला एक सेंट, वर खटल्याचा खर्च.

पुढे १८५९ मध्ये मरेपर्यंत ऑगस्टसने हेच केलं. जवळजवळ दोन हजार माणसांना तो जामीन राहिला. पण येईल त्याला नाही. आधी माणसाची चौकशी करायचा, वृत्ती पारखायचा, मग काम बघून द्यायचा, राहायची जागा बघायचा, वेळ पडली तर स्वतःच्या घरी ठेवायचा, आणि कोर्टाला हालहवाल कळवायचा. यात बुटांचा धंदा बसला. कोर्टाचे शिपाई त्याच्यावर डूख धरून असत, कारण आरोपी तुरुंगात गेला की त्यांना फी मिळे आणि हा ती बुडवत होता. चांगुलपणा कुणाच्या पोटावर येतो ते बघा! आपल्याकडे १९५८ साली अपराधी परिवीक्षा कायदा आला, त्यातल्या परिवीक्षा अधिकाऱ्याची वंशावळ या बूटवाल्यापर्यंत जाते.

पण याने खरंच फरक पडतो का? २००७ मध्ये डॅरिक जॉलिफ आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी ब्रिटनच्या गृहखात्यासाठी मार्गदर्शक देण्याच्या उपक्रमांवरच्या अठरा अभ्यासांची छाननी केली. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण ४ ते ११ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, पण ही घट मुख्यतः कच्च्या पद्धतीने केलेल्या अभ्यासांत होती. मला त्यातले बारकावे जास्त महत्त्वाचे वाटतात. निदान आठवड्यातून एकदा भेट होत असेल आणि प्रत्येक भेट निवांत असेल तिथे परिणाम बरा. शिकवणी, नोकरीची मदत यांच्या जोडीला भेटी असतील तर बरा. आणि भेटी थांबल्या की परिणामही ओसरतो. तीन महिन्यांचा प्रकल्प, शेवटी फोटो आणि प्रशस्तिपत्र, या आपल्या लाडक्या पद्धतीबद्दल वेगळं काही बोलायला नको.

ब्रिटनमध्येच पीटरबरो तुरुंगात २०१० पासून एक प्रयोग झाला. वर्षाच्या आतली शिक्षा झालेल्यांवर सुटल्यावर तेव्हा कुणाचीच कायदेशीर देखरेख नसे. हातात ४६ पौंड ठेवून रवानगी होई. या प्रयोगात कैद्याशी आतच ओळख केली जाई आणि गरज असेल त्याला घ्यायला सुटकेच्या सकाळी माणूस फाटकाशी हजर राही. पैसे खाजगी गुंतवणूकदारांचे. फेरगुन्हे ठरल्याइतके घटले तरच परतफेड. तुलनेच्या गटापेक्षा ते ९ टक्क्यांनी घटले आणि पैसे परत मिळाले.

हे जसंच्या तसं उचलून इथे आणता येत नाही. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या कैद्यांपैकी तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते. त्यांना सुटकेची तारीखच नसते. जामिनाचा हुकूम कोर्टातून तुरुंगात वेळेत पोचला तर आज संध्याकाळी, नाहीतर उद्या. फाटकाशी उभं राहायचं तरी कोणत्या दिवशी? म्हणून आपल्याकडे ओळख आतच पक्की व्हावी लागते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प मुंबईत १९९० पासून हेच करतो. त्याचे समाजसेवक आधी तुरुंगात जातात आणि सुटलेल्या माणसाच्या कागदपत्रांचा, निवाऱ्याचा, कामाचा पाठपुरावा बाहेर करतात.

पत उसनी देण्याचं मराठी मुलखातलं सर्वात धाडसी उदाहरण मात्र संस्थानी आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची. भिंत नसलेल्या या वसाहतीत कैदी शेती करत, बायकामुलांसह राहत. त्याच मुलखातल्या माडगूळच्या गदिमांनी यावरून कथा लिहिली आणि १९५७ मध्ये शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमात सारा प्रभाव जेलरच्या डोळ्यांचा आहे. स्वतंत्रपुरात डोळ्यांइतकाच वाटा जमिनीचा आणि सोबत राहणाऱ्या कुटुंबाचा होता, असं मला वाटतं. ते पडद्यावर दाखवायला अवघड.

बायकांच्या बाबतीत हे गणित आणखी बिघडतं. पुरुष सुटला तर आई, बायको, कुणीतरी वाट बघत असतं. बाईला पुष्कळदा सासर आणि माहेर दोन्ही दारं बंद झालेली असतात, आणि मुलं बालगृहात. तिथे जामीन राहणाऱ्याला आधी मुलांचा ताबा मिळवून देण्याच्या खटपटीला लागावं लागतं. ती प्रक्रिया पुढच्या आठवड्यात पाहू.