माटुंग्यात कॉफी आत, बैठक बाहेर

माटुंगा पूर्वेतल्या एखाद्या जुन्या उपाहारगृहात रविवारी सकाळी गेलात, तर तुम्हाला टेबल मिळत नाही, खुर्ची मिळते. उरलेल्या तीन खुर्च्यांवर आधीच कुणी ना कुणी असतं. पेपरची घडी मांडीवर ठेवलेले एक आजोबा, कॉलेजातली दोन पोरं. कुणी कुणाच्या ओळखीचं नसतं, पण चटणीची वाटी सरकवण्याइतकी ओळख लगेच होते. इडली येते, रसम वडा येतो, मागोमाग कॉफी. कॉफीचा शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत बिल समोर आलेलं असतं आणि तुमच्या पाठीशी पुढचा माणूस उभा असतो. अर्ध्या तासाच्या आत तुम्ही फुटपाथवर.

कॅफे म्हटल्यावर आजच्या तरुण वाचकाला आठवतं ते वेगळंच. मऊ सोफा, मंद दिवे, वायफायचा पासवर्ड आणि एका कपावर काढलेली अख्खी दुपार. माटुंग्याच्या जुन्या कॅफेंत यातलं काही नाही. तरीही ठाण्या-बोरिवलीहून माणसं लोकल पकडून इथे न्याहारीला येतात आणि खाऊन झालं की लगेच घरची वाट धरत नाहीत. झाडांखालून रमतगमत फिरतात, एखाद्या इमारतीच्या पायरीशी गप्पा मारत उभी राहतात, बागेतल्या बाकावर टेकतात. बाकीचे कॅफे कॉफीच्या किमतीत बसण्याची जागा विकतात. इथे ती जागा वस्तीच फुकट देते. आणि ही सोय आपोआप झालेली नाही, कागदावर आखून केलेली आहे.

प्लेगने आखलेली वस्ती

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवीसारख्या दाटीवाटीच्या भागांतून तो पसरला आणि अंधाऱ्या, कोंदट चाळींकडे सरकारचं लक्ष गेलं. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. जुन्या शहरात रस्ते रुंद करणं हे ट्रस्टचं एक काम, आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नव्या वस्त्या वसवणं हे दुसरं. दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा त्या वेळी शेतं, वाड्या आणि पाणथळ जमिनींचा मुलूख होता. तिथे आधी रस्ते आखले गेले, गटारं आली, बागांच्या जागा राखल्या गेल्या, मग भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. इमारतींची उंची बेताची, दोन इमारतींमध्ये वारा खेळायला जागा, रस्त्याच्या कडेला झाडं. घरांच्या आधी रस्ता येणं ही मुंबईत दुर्मीळ गोष्ट होती, आजही आहे.

आज ज्याला आपण डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणतो तो तेव्हाचा किंग्जवे, आणि महेश्वरी उद्यान म्हणजे किंग्ज सर्कल. जवळच अभियंता मंचेरजी जोशी यांच्या पुढाकाराने दादरची पारशी कॉलनी उभी राहिली. त्यांचं नाव दिलेली पाच उद्यानं, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘फाइव्ह गार्डन्स’, याच आखणीचा भाग. ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, पण तोवर रस्त्यांचा सांगाडा पक्का झाला होता. त्यावर तीस-चाळीसच्या दशकांत गोलसर कोपऱ्यांच्या, सज्जे-गॅलऱ्यांच्या तीन-चार मजली इमारती चढल्या. हमरस्त्यावर कितीही गोंगाट असला तरी आतल्या गल्लीत शिरताच आवाज खाली येतो, तो या आखणीमुळे.

मद्रासचं नाव, मंगळुरूचे मालक

या नव्या घरांत राहायला आले ते मोठ्या संख्येने दक्षिणेकडचे नोकरदार. मद्रास इलाख्यातून इंग्रजी आणि टंकलेखन शिकून आलेले कारकून, स्टेनोग्राफर, हिशेबनीस. इतिहासकार निखिल राव यांनी ‘हाउस, बट नो गार्डन’ या २०१३ सालच्या पुस्तकात हा प्रवास उलगडला आहे. चाळीतल्या सामायिक मोरी-संडासाऐवजी घरातच न्हाणीघर आणि शौचालय असलेला ब्लॉक मध्यमवर्गाने कसा आपलासा केला, हे माटुंग्याच्या उदाहरणातून त्यात दिसतं. देवळं आली, भजनी समाज आले, १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली.

पण कुटुंब गावी ठेवून एकटे आलेले पुरुषही पुष्कळ होते. त्यांना खोली मिळाली तरी ताटाचं काय? तो प्रश्न सोडवला दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या, म्हणजे उडुपी-मंगळुरूकडच्या मंडळींनी. कॅफे म्हैसूर १९३६ चा, माटुंगा स्थानकाजवळचा राम आश्रय १९३९ चा, भाऊ दाजी मार्गावरचा कॅफे मद्रास १९४० चा आणि रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. अवघ्या सहा वर्षांतली ही चार नावं.

पाटीवर मद्रास आणि म्हैसूर असलं तरी गल्ल्यामागची बोली बहुतेकदा तुळू, कन्नड किंवा कोकणी. कामत, नायक, पै ही आडनावं गौड सारस्वतांची. त्यांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गोव्यातून दक्षिणेला सरकले होते. म्हणजे माटुंग्यातल्या इडलीच्या मागे गोव्याहून कानडा किनाऱ्यावर आणि तिथून मुंबईला असा काही शतकांचा वळसा आहे. किंग्ज सर्कलचा जीएसबी सेवा मंडळाचा गणपती याच समाजाचा. पुणेकरांनाही हा प्रकार नवा वाटू नये. फर्ग्युसन रस्त्यावरचं ‘वैशाली’ आधी ‘मद्रास हेल्थ होम’ होतं आणि ‘रूपाली’ ‘कॅफे मद्रास’. उत्तरेकडच्या गिऱ्हाइकाला तेव्हा सगळा दक्षिण मुलूख ‘मद्रास’च होता, आणि चलाख उडुपीकरांनी तीच पाटी लावली.

मंदीने स्वस्त केलेली कॉफी

ही उपाहारगृहं नेमकी याच काळात का निघाली, याचं एक उत्तर कॉफीच्या मळ्यांत आहे. तोवर भारतातली बरीचशी कॉफी परदेशी जायची. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत भाव कोसळले आणि मळेवाल्यांना देशातल्या गिऱ्हाइकाची आठवण झाली. १९३५ मध्ये कॉफीवर उपकर बसवून समिती नेमली गेली आणि तिने देशात कॉफीचा प्रचार सुरू केला. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं. मग महायुद्धाने परदेशी बाजार आणखी आक्रसले आणि १९४२ मध्ये कॉफी बोर्ड आकाराला आलं. माटुंग्याला मात्र प्रचाराची गरज नव्हती. इथलं गिऱ्हाईक कॉफीची सवय गावाहून घेऊनच आलं होतं. मराठी घरांत पाहुण्याला चहा विचारला जात होता, तेव्हा शेजारच्या तमिळ बिऱ्हाडात पहाटे फिल्टर ठिबकत होता.

हा फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी पितळेची किंवा स्टीलची दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रं. त्यात कॉफीची पूड घालून चकतीने हलकेच दाबायची आणि उकळतं पाणी ओतायचं. घाई चालत नाही. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट, काळं डिकॉक्शन जमतं. त्यात कढत दूध, साखर, आणि मग टंबलरमधून डवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, उंचावरून ओतणं. या ओतण्याने साखर विरघळते, फेस येतो आणि कॉफी तोंडाला लावण्याइतकी निवते. तिन्ही कामं एका झटक्यात.

माटुंग्याच्या बाजारात आजही कॉफीच्या बिया समोर दळून मिळतात. दुकानदार विचारतो, ‘पीबेरी की प्लांटेशन?’ कॉफीच्या फळात बहुधा दोन चपट्या बिया एकमेकींना टेकून असतात. काही थोड्या फळांत एकच गोलसर बी वाढते, ती पीबेरी. पुढचा प्रश्न चिकोरीचा. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. त्यात कॅफीन नसतं, पण ते कॉफीला गडद रंग, दाटपणा आणि जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा देतं. ऐंशीला वीस की सत्तरला तीस, यावर घरोघरी ठाम मतं असतात आणि सासरी गेलेली मुलगीही माहेरचं प्रमाण सोडत नाही.

एका टेबलावर चौघे

अनोळखी माणसांनी एका टेबलावर जेवणं आपल्याला आज साधं वाटतं. ते साधं नव्हतं. उडुपी पद्धतीचा स्वयंपाक मठ-मंदिरांच्या सोवळ्यातून आला होता आणि सुरुवातीच्या बोर्डिंगांत कोण रांधतो, कोण कुणाच्या पंगतीला बसतो याला महत्त्व होतं. मद्रासमध्ये हॉटेलांच्या पाटीवर ‘ब्राह्मण’ हा शब्द मिरवण्याविरुद्ध पेरियार यांच्या चळवळीला १९५७ मध्ये आंदोलन करावं लागलं. मुंबईत पंगत मोडण्यात जागेच्या टंचाईचा आणि नोकरीच्या घाईचाही हात होता. नऊ-चाळीसची लोकल पकडायची असताना समोर कोण बसलंय याची चौकशी करायला कुणाला वेळ होता?

अनोळखी माणसांना एका टेबलावर बसवण्याचा हा धडा इराण्यांनी आधीच घालून दिला होता. यझ्द-केरमानकडून आलेल्या इराण्यांनी मुंबईत कोपऱ्याच्या जागा धरल्या. कोपऱ्याची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती टाळत, अशी कथा सांगतात. खरंखोटं काहीही असो, कोपऱ्याला दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक मिळतं. किंग्ज सर्कलच्या कोपऱ्यावरचं १९३२ चं ‘कूलर अँड कंपनी’ हे त्याचं जितंजागतं उदाहरण. तिथलं ‘रेसलर ऑम्लेट’ एकट्याने संपवणं सोपं नाही.

घाई हा या कॅफेंच्या गणिताचा पाया आहे. डोशाची किंमत कमी ठेवायची तर खुर्ची दिवसभरात अनेकदा रिकामी व्हावी लागते. नव्या पद्धतीच्या कॅफेत एका कपाच्या किमतीत भाडं, वातानुकूलन आणि तुमचे दोन तास धरलेले असतात. माटुंग्यात फक्त पदार्थाचे पैसे. ‘इथे बसू देत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्याने दोन्हीकडची बिलं शेजारी ठेवून पाहावीत.

फेरी कशी मारावी

आधी स्थानक नीट निवडा. मध्य रेल्वेचं माटुंगा हे पूर्वेच्या बाजाराला लागून आहे आणि हार्बरचं किंग्ज सर्कलही सोयीचं. पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड मात्र रुळांच्या पलीकडे पडतं. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकाचा कारभार २०१७ पासून संपूर्णपणे महिला कर्मचारी पाहतात, तेही जाता जाता पाहून घ्या.

शक्यतो आडवारी, सकाळी लवकर जा. राम आश्रयला उपमा आणि शिरा घ्या. अननसाच्या शिऱ्यासाठी लोक वाट वाकडी करून येतात. तिथून फुलांच्या गल्लीतून चाला. वेण्या, तुळशीचे हार, केळीची पानं, शेवग्याच्या शेंगा, सांबाराचे छोटे कांदे. पदार्थ जिथून येतात तो बाजार पदार्थांच्या शेजारीच आहे. कॅफे मद्रासला रसम वडा किंवा नीर डोसा, आणि शेवटी कॉफी. दुपारपर्यंत थांबणार असाल तर रामा नायक यांच्याकडे केळीच्या पानावर जेवण. दोन्ही एकाच दिवशी करायला पोट मोठं हवं.

मधला वेळ रस्त्यावर काढा. फाइव्ह गार्डन्सपर्यंत चालत जा, वाटेत इमारतींच्या नावांच्या दगडी-जाळीदार पाट्या वाचा. संध्याकाळी मैफल असेल तर १९६३ मध्ये उभं राहिलेलं षण्मुखानंद सभागृह याच परिसरात आहे. मध्यंतरातल्या गर्दीचा ओढा कुठे असतो हे वेगळं सांगायला नको.

पाककृतीआधी फुटपाथ

या कॅफेंचं पुढे काय होणार, अशी चर्चा निघाली की बोलणं चवीवर येतं. नवी पिढी धंद्यात उतरेल का, सांबार तसंच राहील का? ती काळजी मला दुय्यम वाटते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली आणि शहरभरातल्या जुन्या दुकानांना, उपाहारगृहांना तग धरायला मदत केली. पण त्याच गोठलेल्या भाड्यामुळे मालकांनी दुरुस्त्या टाळल्या आणि इमारती खिळखिळ्या झाल्या. आता माटुंग्यात एकेक इमारत पुनर्विकासाला जाते आहे. घरमालकाला, भाडेकरूला, राहणाऱ्याला पक्कं घर हवं, लिफ्ट हवी, यात गैर काही नाही.

प्रश्न तळमजल्याचा आहे. जुन्या इमारतीचं दुकान थेट फुटपाथला भिडतं, पायरीवर माणूस उभा राहू शकतो. नव्या टॉवरच्या खालचे मजले अनेकदा गाड्यांना जातात आणि रस्त्याकडे तोंड करून कुंपणाची भिंत उभी राहते. कॅफेला नव्या इमारतीत गाळा मिळेल, डोसाही तसाच मिळेल. पण रांगेत थांबणाऱ्याने उभं राहायचं कुठे आणि खाऊन झालेल्याने रेंगाळायचं कुठे? ही सोय गेली की कॅफेलाच आत सोफे ठेवावे लागतील, आणि मग सोफ्याचं भाडं कॉफीत मिसळेल.

माटुंगेकरांना हे कळत नाही असं नाही. किंग्ज सर्कलच्या उड्डाणपुलाखाली गाड्या लागू नयेत म्हणून इथल्या रहिवाशांनी नेटाने पाठपुरावा केला. आज तिथे नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणं घेणाऱ्या पायवाटेचं नानालाल डी. मेहता उद्यान आहे. पुलाखालची जागा गाडीची नसून चालणाऱ्याची आहे, हे त्यांनी महापालिकेकडून मान्य करून घेतलं. तीच मागणी आता प्रत्येक नव्या इमारतीच्या नकाशापुढे ठेवावी लागेल. रसमाची कृती सांभाळायला कॅफेवाले समर्थ आहेत. तळमजला रस्त्याला खुला ठेवण्याचं काम मात्र कुठल्याही आचाऱ्याच्या हातात नाही.