बहिणाबाईंची गाणी

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची मुख्यतः ओवीच्या छंदातील गीतरचना. जळगावजवळील असोदे येथे जन्मलेल्या या निरक्षर शेतकरी स्त्रीने ती दळताकांडताना, शेतात राबताना आपल्या लेवा बोलीत रचून गायिली. पुत्र सोपानदेव व आप्त पीतांबर चौधरी यांनी टिपलेली गाणी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. मानिनी (१९६१) या चित्रपटात वसंत पवार यांनी काही गाण्यांना चाली दिल्या. अमेरिकेतील ब्लूज गीतांचेही पुढे असेच नवे आविष्कार झाले; मात्र तेथील अनेक आद्य गायकांचा आवाज १९२० नंतरच्या ध्वनिमुद्रिकांत टिकला. बहिणाबाईंचे शब्द लेखणीने राखले. म्हणून आज परिचित असलेल्या चाली संगीतकारांच्या होत. ओवीची मूळ लय जात्याच्या फेऱ्याशी निगडित होती.