रिझवानने खरं मानलेलं वाक्य
(पडद्यावरची माणसं : भाग ७)

मागच्या भागात आपण 'चौकट राजा'मधला नंदू पाहिला. १९९१ साली दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला हा नंदू स्वमग्न होता का? माझ्या मते नाही. लहानपणी पडून डोक्याला मार बसला आणि त्याची वाढ खुंटली, हे चित्रपटच सांगतो. स्वमग्नता अपघाताने येत नाही. मेंदूची जडणघडणच मुळात वेगळी असते आणि खुणा बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसू लागतात.

करण जोहरच्या 'माय नेम इज खान'मधल्या (२०१०) रिझवानचं तसं नाही. बोरिवलीत वाढलेला हा मुलगा लहानपणापासूनच वेगळा आहे. चित्रपटात त्याच्या अवस्थेला ॲस्पर्जर सिंड्रोम म्हटलंय. २०१३पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात हे निदान वेगळं उरलं नाही, ते स्वमग्नतेतच धरलं जातं.

नजर न मिळवणं, स्पर्श नकोसा वाटणं, पिवळ्या रंगाची आणि मोठ्या आवाजाची धास्ती, बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करण्यातला हातखंडा या खुणा शाहरुख खानने नीट दाखवल्या आहेत, क्वचित जास्तच ठळकपणे. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो रिझवानची बायको मंदिरा हिच्या आक्रोशाचा प्रसंग. मुलगा गमावलेली ही आई संतापून नवऱ्याला सांगते की, जा, आपण दहशतवादी नाही हे राष्ट्राध्यक्षांना सांगून ये. दुसरा कोणी असता तर त्याने हा दुःखाचा उद्रेक ओळखला असता. रिझवान ते काम समजतो आणि पाठीवर पिशवी टाकून निघतो. बोलण्यामागचा भाव निसटणं आणि शब्द जसाच्या तसा घेणं हे स्वमग्नतेचं एक लक्षण; इथे अख्खं कथानक त्यावर उभं आहे. लक्षण नुसतं अंगविक्षेपात न ठेवता लेखिका शिबानी बाठिजा यांनी ते गोष्टीत विणलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

खटकतं ते एवढंच की, पडद्यावरच्या अशा माणसाला नेहमी काहीतरी अचाट जमावं लागतं. 'रेन मॅन'च्या (१९८८) रेमंडपासून ही चाल पडली आहे. प्रत्यक्षात बहुतेक स्वमग्न मुलांकडे असली अचाट कला नसते आणि त्यासाठी त्यांच्याकडे आशेने बघत बसणं त्यांच्यावर अन्याय आहे.

आवाजाची धास्ती मात्र अगदी खरी. संध्याकाळी शीळफाट्याच्या चौकात उभं राहून बघा. कल्याण-शीळ रस्त्यावरून येणारी गर्दी, महापेकडे वळणारे ट्रक, मुंब्र्याकडून येणारे कंटेनर आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम. रिक्षात बसलेलं एखादं मूल कानांवर हात दाबून किंचाळतं, तेव्हा शेजारचे 'हट्टी आहे' म्हणून मोकळे होतात. काही स्वमग्न मुलांना तो गोंगाट सोसवतच नाही. आई त्याला छातीशी धरून सिग्नल सुटायची वाट बघत असते.

एका लक्षणावरून निदान होत नसतं, हे विसरू नका. पण वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही दाखवत नसेल, तर 'बोलेल उशिरा, बापही उशिराच बोलला' असं म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात. तिथे तपासणी मोफत होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही स्वमग्नता आहे, तेव्हा प्रमाणपत्र मागायला संकोचू नका.