सात दशांश सेकंद

गेली सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हातांकडे बघून पगार घेतोय. चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत टाइम स्टडी हे माझं काम. ऑपरेटरच्या बाजूला, त्याला दिसेल असं उभं राहायचं (लपून वेळ घ्यायची नाही, हा या धंद्यातला पहिला नियम), हातात स्टॉपवॉच आणि पॅडला लावलेला कागद. पार्ट उचलला, फिक्श्चरमध्ये बसवला, क्लॅम्प केला, बटण दाबलं, मशिन चाललं, क्लॅम्प सोडला, पार्ट ट्रेमध्ये गेला. प्रत्येक तुकड्याचा वेळ वेगळा लिहायचा. शॉपवर मला तोंडावर ‘साहेब’ म्हणतात. पाठीमागे ‘घड्याळ’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

त्यामुळे गेल्या दिवाळीत पुतण्यानं टीव्हीला प्लेस्टेशन जोडून ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ लावलं आणि म्हणाला, “काका, बाकीचं सोडा, टाइम ट्रायल तुमच्यासाठीच आहे,” तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला.

टाइम ट्रायल म्हणजे शर्यत, पण शेजारी कुणी नाही. ट्रॅकवर तुम्ही एकटे आणि वर कोपऱ्यात घड्याळ. तुमच्या आधीच्या सर्वांत चांगल्या फेरीची आरपार दिसणारी गाडी सोबत धावते, तिला घोस्ट म्हणतात. धडकली तरी लागत नाही, फक्त पुढे जाऊन चिडवते. ऑनलाइन ट्रायलमध्ये जगभरच्या लोकांशी तुलना होते. जगातल्या पहिल्या नंबरच्या वेळेपासून तीन टक्क्यांच्या आत आलात तर सोनं, पाच टक्क्यांच्या आत आलात तर चांदी. म्हणजे पहिल्याची फेरी १०० सेकंदांची असेल तर १०३ च्या आत सोनं. ऐकायला सोपं वाटतं.

आमच्या भागात हा प्रकार नवा नाही. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव आणि आमची भोसरी-मोशी-चिखलीची पट्टी इथला बैलगाडा म्हणजे टाइम ट्रायलच. सातारा-सांगलीकडे गाड्या शेजारी शेजारी पळतात. आमच्याकडे घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या पट्टीवर, एका वेळी एकच गाडा सुटतो, पुढे घोडी, आणि निकाल सेकंदावर. सगळ्यांत कमी वेळाचा तो घाटाचा राजा. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रापुरती परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. मधल्या सात वर्षांत आमचे मामा घाटाकडे तोंड करून बसत, असं मामी सांगते. परवानगीनंतर मे २०२२ मध्ये चिखलीच्या जाधववाडीत मोठी शर्यत झाली, पहिलं बक्षीस जेसीबी. मामांबरोबर मीही गेलो होतो. एक गाडा असा आला की मंडप उठून उभा राहिला. धुरळा, उसळी, भिर्रर्र. मामा मात्र जागचे हलले नाहीत. “हा बारा सेकंदांत नाही यायचा,” म्हणाले. नाहीच आला. नंतर एक गाडा मुकाट्यानं, सरळ, काही न घडल्यासारखा वर गेला आणि भोंग्यावर त्याची वेळ ऐकून लोक एकमेकांकडे बघायला लागले.

पुतण्याच्या सोफ्यावर बसून मी दोन महिने तो पहिला गाडा हाकत होतो.

आम्ही गाडी निवडली फोक्सवॅगन पोलो जीटीआय, २०१४ चं मॉडेल. कारण भावनिक. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि पोलोच्या कित्येक पार्टांचा सायकल टाइम या भागातल्या माझ्यासारख्यांनी काढलाय. २०१० मध्ये भारतात पोलो कप नावाची शर्यतही सुरू झाली. इथलं पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये हा गेम आला. रस्त्यावरची साधी पोलो आणि जीटीआय यांत फरक आहे, पण चेहरा घरचा.

ट्रॅक निवडला त्सुकुबा. जपानमध्ये टोकियोच्या उत्तरेला १९७० पासून असलेला, २,०४५ मीटरचा छोटा सर्किट. घड्याळाविरुद्ध एकट्यानं गाडी पळवायचं वेड जपानी लोकांनी इथंच वाढवलं. गाडीत स्वतः फेरबदल करून इथं एका मिनिटाच्या आत फेरी मारणं हा तिकडच्या हौशी लोकांचा जुना मापदंड आहे. शिकायला ट्रॅक छोटाच घ्यावा. तासाभरात तीस-चाळीस फेऱ्या होतात आणि प्रत्येक वळण डोक्यात बसतं. लांबलचक ट्रॅकवर एखादं वळण परत येईपर्यंत मागच्या वेळी काय केलं होतं तेच विसरायला होतं.

पुतण्याची वेळ १ मिनिट १०.७ सेकंद. माझी १ मिनिट ११.४. सात दशांशाचा फरक, आणि तो काही केल्या जाईना. मी आणखी जोरात घुसलो, ब्रेक आणखी उशिरा मारला, टायर किंचाळले, कपाळाला घाम आला. प्रत्येक फेरीला वाटायचं, ही नक्की. आकडा बघावा तर ११.४, ११.५, ११.४.

“काका, तुम्ही गाडीशी भांडताय,” तो म्हणाला.

मग मी माझ्या धंद्यातलं काम केलं. दोघांच्या फेऱ्या मोबाइलवर सेकंदाला साठ फ्रेमनं रेकॉर्ड केल्या, ट्रॅकचे पाच तुकडे पाडले आणि एका रविवारी फ्रेम मोजत बसलो. एक दशांश सेकंद म्हणजे सहा फ्रेम. बायकोनं विचारलं, ओव्हरटाइम मिळतो का याचा?

पहिलं वळण आणि त्यापुढचा नागमोडी भाग: मी ०.१ ने पुढे. पुतण्यापेक्षा! डनलप कॉर्नर धरून मधला तुकडा: ०.२ ने मागे. दुसरा हेअरपिन, म्हणजे केसाच्या आकड्यासारखं उलटं फिरणारं वळण: मी ०.०५ ने पुढे. मग मागची सरळ पट्टी, ४३७ मीटर: ०.३५ ने मागे. शेवटचं लांब वळण आणि पुढची सरळ रेषा: ०.३ ने मागे. बेरीज बरोबर सात दशांश.

ते बघून मी चकित झालो. मी हरत होतो ते सरळ रस्त्यावर, जिथं दोघांचाही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि गाडी तीच! जिथं मला शूर वाटत होतं तिथं मी खरंच पुढे होतो, पण चिल्लर मिळवत होतो आणि तिची किंमत पुढे नोटांत मोजत होतो.

त्याचं गणित साधं आहे. हेअरपिनमध्ये मी उशिरा ब्रेक मारून घुसायचो, गाडी बाहेर ढकलली जायची, ती आवरेपर्यंत ॲक्सिलरेटरवर बोट ठेवता यायचं नाही. पोलो पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी. तीच चाकं वळवतात, तीच ओढतात. चाकं वळलेली असताना पॉवर दिली की नाक बाहेर पळतं. पुतण्या माझ्याआधी ब्रेक मारायचा, वळणाच्या आतल्या कडेला माझ्यापेक्षा उशिरा टेकायचा, आणि तोवर त्याचं स्टिअरिंग जवळजवळ सरळ झालेलं असायचं. त्यामुळे तो आधी पॉवर द्यायचा. सरळ पट्टीवर माझा सरासरी वेग ताशी ११५ आणि त्याचा ११८, एवढंच. पण ४३७ मीटरला हे तीन किलोमीटर ०.३५ सेकंद खातात. वळणातून बाहेर पडतानाचा वेग तुम्ही पुढची सगळी पट्टी सोबत नेता. आत जातानाचा वेग वळणातच संपतो.

कारखान्यातही हेच चालतं. नवा इंजिनिअर येतो आणि मशिनचा फीड वाढवू म्हणतो. टूल जळतं, पार्ट रिजेक्ट. वेळ कापण्यात गेलेला नसतोच, पार्ट लावण्या-काढण्यात गेलेला असतो. पण लावणं-काढणं बघायला कंटाळवाणं असतं.

मग कागदावर एकेक बदल लिहून काढला. एका वेळी एकच, दहा फेऱ्या, मग पुढचा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

आधी ब्रेकची खूण. गेम रस्त्यावर रंगीत रेषा काढून ब्रेक कुठं मारायचा ते दाखवतो. पहिले दोन दिवस ती ठेवावी, मग बंद करावी, कारण नजर तिच्यावर खिळते आणि वळण दिसतच नाही. त्याऐवजी बाजूची पाटी, डांबराचा जोड, कठड्याचं टोक असं न हलणारं काहीतरी पकडावं. सावली चालेल, पण गेममध्ये दिवसाची वेळ बदलती ठेवली असेल तर सावली दगा देते. मला दिलाय.

मग ब्रेक सोडणं. सगळे ब्रेक मारण्यावर बोलतात. खरी कला सोडण्यात आहे. टायरकडे एक रुपयाची पकड आहे असं धरा. ब्रेकला पूर्ण रुपया दिलात तर वळायला काही उरत नाही, गाडी सरळ जाते. पण ब्रेकला ऐंशी पैसे दिलेत तर वळायला वीस नाही, साठ पैसे उरतात, कारण ब्रेकची ओढ आणि वळणाची ओढ एकमेकींना काटकोनात असतात. शाळेतला पायथागोरस इथं कामाला येतो: आठाचा वर्ग अधिक सहाचा वर्ग बरोबर दहाचा वर्ग. म्हणून ब्रेक सरळ रेषेत जोरात मारायचा आणि वळायला लागलं की बोट हळूहळू उचलत जायचं. झटक्यात सोडलात तर पुढच्या चाकांवर आलेलं वजन मागे जातं आणि नाक वळायचं थांबतं. खेळाडू याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. माझ्या बोटाला हे जमायला तीन आठवडे लागले. कंट्रोलरची कळ जेमतेम बोटाच्या पेराएवढी हलते, त्यात ऐंशी, साठ, तीस असं मोजायचं.

आवाज ऐकावा. टायर हलकं कुईं करत असेल तर पकड पुरेपूर वापरली जातेय. किंचाळत असेल तर घसरतंय, म्हणजे वेळ जातेय. लेथवरचा माणूस टूलच्या आवाजावरून धार सांगतो, तसंच. मी मात्र दोन महिने किंचाळीलाच वेग समजत होतो.

आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ लावावा. तो नसेल तर चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवतो आणि तुमचा ब्रेक आपोआप उशिरा पडतो. आमच्याकडे ही गोष्ट पुतण्याला माहीत होती, त्यानं सांगितली नव्हती. विचारलं तर म्हणाला, “तुम्ही विचारलंच नाही.”

सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट शेवटच्या वळणाची. टाइम ट्रायलमध्ये फेरी पळत्या गाडीनं सुरू होते, म्हणजे घड्याळ सुरू होण्याआधीचं वळण हा तुमच्या फेरीचाच भाग. ते नीट घेतलं नाही तर रेषा ओलांडतानाच तुम्ही हरलेले असता. मी तर ते वळण नीट शिकलोच नव्हतो. पहिल्याच हेअरपिनमध्ये चूक झाली की चिडून रीस्टार्ट मारायचो, त्यामुळे पहिली दोन वळणं शेकडो वेळा झाली आणि शेवटचं फार थोड्या वेळा. बहुतेक लोक असंच करतात असं मला वाटतं. मग नियम केला: फेरी बिघडली तरी पुरी करायची. कारखान्यातसुद्धा सेटिंग पीस, म्हणजे मशिन लावताना काढलेला चाचणीचा पार्ट, टाकून देत नाहीत, मोजतात.

घोस्ट बंद केलं. ते पुढे असलं की बोट त्याच्या मागे धावतं आणि ब्रेकची खूण हुकते. पाटीकडे बघायचं सोडून मी भुताकडे बघत होतो.

गेममधलं हे कौशल्य खऱ्या ट्रॅकवर चालतं का, असं लोक विचारतात. निस्साननं याच मालिकेतल्या आधीच्या गेममधून ड्रायव्हर निवडायची ‘जीटी अकॅडमी’ चालवली होती. २०११ चा विजेता जॅन मार्डेनबरो २०१३ साली ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. पण त्यात गेमनंतरचं खऱ्या गाडीवरचं भरपूर प्रशिक्षणही होतं. माझ्यापुरतं सांगायचं तर तळेगाव-चाकण रस्त्यावर, कंटेनरच्या मागे पहिल्या गिअरमध्ये, यातलं काहीही उपयोगी पडत नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सेकंड शिफ्ट करून आलो. सगळे झोपले होते, आवाज बारीक. पाचवी-सहावी फेरी असेल. काहीच घडलं नाही. गाडी घसरली नाही, टायर ओरडले नाहीत, मला जरा झोपच येत होती, आणि वाटलं ही फेरी मंद गेली. आकडा आला १ मिनिट १०.६६.

सकाळी पुतण्याला दाखवलं. त्यानं दात घासायचा ब्रश तोंडातच ठेवला, कंट्रोलर घेतला आणि पंधरा मिनिटांत १०.४ केले. मी मोबाइलवर त्याचं रेकॉर्डिंग केलं. आता रविवारी फ्रेम मोजायच्या आहेत. वहीत तूर्त एवढंच लिहिलंय: डनलप, तो ॲक्सिलरेटर पूर्ण सोडत नाही, अर्धाच. का?